चपलांपाशी अनवरी

अनवरीला माणसांबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. तीस वर्षं तुम्ही जत्रेतल्या पाळण्याखाली उभं राहून बघा, लोक वर जाताना काय बोलतात आणि खाली आल्यावर कसे दिसतात ते बघा, आणि मग तुमचं मत कसं चांगलं राहतं ते मला येऊन सांगा.

बाई आष्टीची, परतूर तालुक्यातली. नवरा मुबारक. एक आकाशपाळणा, एक ड्रॅगनची गाडी आणि ब्रेकडान्स नावाचं गरगर फिरवणारं एक यंत्र, एवढा पसारा दोन ट्रकांत घालून नवराबायको जालना जिल्ह्यातल्या जत्रा करायचे. मुबारक मोटारीपाशी बसायचा, अनवरी फाटकावर. तिचं काम म्हणायचं तर चपला राखणं. पाळण्यात बसायचं तर चप्पल खाली काढून ठेवावी लागते, नाहीतर ती वरून कुणाच्या तरी टाळक्यात पडते. तेव्हा सगळं गाव वर मजेत फिरत असायचं आणि ही खाली त्यांच्या चपलांचा ढीग सांभाळत उभी असायची.

त्या चपलांनीच तिला शहाणं केलं. बसायला येणाऱ्यांच्या तिच्या लेखी दोनच तऱ्हा होत्या. पहिली थरारवाल्यांची. हे चपला काढत नाहीत, झटकतात. एक इकडं उडते, एक तिकडं. 'चाची, जोरात सोडायला सांगा, हळू न्हाई पाहिजे' असं ऐटीत सांगतात, मोबाइल तोंडासमोर धरून दात काढतात आणि तिसऱ्या फेऱ्याला त्यांची बोबडी वळते. खाली उतरल्यावर स्वतःच्या दोन चपला शोधायला यांना पाच मिनिटं लागतात, कारण डोळ्यांपुढं सगळं फिरत असतं. आणि तरी तोंडानं काय म्हणणार, तर मजा न्हाई आली. डोंबलाची मजा! घरात आईबापाचा धाक नाही, शाळेत मास्तरचा नाही, म्हणून हे पैसे देऊन भ्यायला येतात, असं अनवरीचं मत होतं.

दुसरी तऱ्हा घरदारवाल्यांची. बाई लेकरांच्या चपला जोडीनं लावते आणि शेजारी आपली काढून ठेवते. बाप्या मात्र चप्पलच काढत नाही. 'तुम्ही बसा, मी पिशवी धरतो' म्हणतो. पिशवीत काय, तर अर्धा किलो रेवड्या. त्या रेवड्यांवर कोण दरोडा घालणार होतं? पण मला भ्या वाटतंय असं म्हणायची गड्याला सोय नसते, म्हणून तो पिशवीला कवटाळून उभा राहतो आणि वर गेलेल्या बायकोला खालून हातवारे करून नीट बसायला शिकवतो. अशी पिशवीवाली माणसं अनवरीनं इतकी पाहिली होती की तिला त्यांची तोंडं आता वेगवेगळी दिसतच नव्हती.

मान दिला तिनं फक्त एका म्हातारीला. तीर्थपुरीची साळूबाई. सत्तरी उलटलेली, पाठीत वाकलेली. चपला कुणाच्या भरवशावर न ठेवता तिनं पदरात बांधल्या, ब्रेकडान्समध्ये लागोपाठ तीनदा बसली आणि उतरून एवढंच म्हणाली, "एवढंच व्हय?" अनवरी त्या म्हातारीची आठवण अजून काढते.

तर कुणाला कशात बसवायचं, कुणाला कुणासमोर बसवायचं, कुठलं लेकरू कुणाच्या शेजारी चालणार नाही, हे सगळं फाटकावर अनवरी ठरवायची. तिनं पदर सारखा केला की मुबारक पाळणा हळू सोडायचा, कमरेवर हात ठेवला की जोरात. तीस वर्षांत त्यांच्या पाळण्यातून एक माणूस पडला नाही. आणि जिल्हाभर नाव कुणाचं झालं? मुबारकचं. 'मुबारकभाईची नजर लई पारखी' असं लोक म्हणायचे, आणि ऐकून ऐकून शेवटी मुबारकलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ही पारखी नजर तातेरावांच्या कानावर गेली. तातेराव म्हणजे प्लॉटिंगच्या धंद्यात फुगलेलं एक धूड. तीर्थपुरीच्या रस्त्याला त्यांची बरीच जमीन पडून होती, आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की लोक आता मुलाबाळांना घेऊन पार औरंगाबादच्या, पुण्याच्या अम्युझमेंट पार्काच्या वाटेला लागतात, तर तोच खेळ इथं मांडा. झालं. तातेरावांनी कमान बांधली, कमानीवर स्वतःचा हात जोडलेला फोटो लावला आणि मग विचार करायला बसले की आत ठेवायचं काय. सगळ्यात मोठं आकर्षण म्हणून रोलर कोस्टर आणायचं ठरलं. रुळांवरून वर चढणारी आणि तिथून धाडकन खाली येणारी ती गाडी. ती निवडायला गुजरातेतल्या कारखान्यात जायचं आणि सोबत जाणकार म्हणून मुबारकला न्यायचं, असा बेत झाला. तातेरावांची बायको नंदाबाई येणार होती, तिला बोलायला कुणीतरी हवं, म्हणून अनवरीलाही घेतलं. 'आमच्या फॅमिलीला तुमच्या फॅमिलीची सोबत होईल,' असं तातेराव फोनवर मुबारकला म्हणाले.

आता इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडं फॅमिली म्हणजे बायको. 'फॅमिली माहेरी गेलीय', 'फॅमिलीची तब्येत बरी न्हाई'. बायकोचं नाव घ्यायची लाज वाटते, नुसतं बायको म्हणायची त्याहून जास्त, म्हणून हा एक इंग्रजी शब्द आपण तिच्या अंगावर टाकून दिला आहे. हॉटेलात फॅमिली रूम असते, तीही पडदा लावलेली. या शब्दाचा दुसरा काही अर्थ असेल असं तातेरावांच्या उभ्या जन्मात कधी मनात आलं नव्हतं.

कारखान्याच्या आवारात दोन गाड्या उभ्या होत्या. एक उंच, तीन गिरक्या घेणारी. दुसरी बुटकी, लहानशा चढउताराची. कंपनीचा माणूस हिंदीत म्हणाला, ही थ्रिलवाल्यांसाठी आणि ही फॅमिलीसाठी. तातेरावांनी मान डोलावली. "म्हंजे एक गड्यांना, एक बायकांना," ते म्हणाले. "बराबर." मुबारकनंही लगेच बराबर म्हटलं. जाणकार माणूस दुसरं काय म्हणणार!

मग कंपनीच्या माणसानं विचारलं, बसून बघता का? तातेरावांचं सकाळपासून पोट बिघडलं होतं. मुबारक म्हणाला की यंत्र बाहेरूनच बघावं लागतं, आतून कळत नाही. दोघं चहाला गेले आणि उंच गाडीत बसल्या अनवरी आणि नंदाबाई. नंदाबाई अंगानं भरलेल्या. दोघींच्या मांड्यांवर मिळून एकच लोखंडी दांडी खाली येत होती. ती नंदाबाईंच्या पोटावर टेकली आणि तिथंच थांबली. अनवरी हाडकुळी. तिच्या बाजूला दांडी आणि मांडी यांच्यात चांगली वीतभर फट राहिली. पहिल्या उताराला ती बाकावरून उचलली गेली. दोन्ही हातांनी दांडी आवळून धरली म्हणून बसली, नाहीतर गुजरातेतच राहिली असती. नंदाबाई मात्र खिदळत होत्या. त्यांना पुन्हा बसायचं होतं.

उतरल्यावर अनवरीनं कंपनीच्या माणसाला धरलं. त्यानं समजावून सांगितलं की या उंच गाडीत लेकरं बसवायचीच नाहीत. त्यासाठी विदूषकाचं चित्र काढलेली एक पट्टी सोबत मिळते, विदूषकाच्या हाताहून बुटकं लेकरू असेल तर त्याला छोट्या गाडीत पाठवायचं. ती छोटी गाडी आईबाप आणि लेकरं सगळ्यांनी मिळून बसायसाठीच आहे, म्हणून तिला फॅमिली म्हणतात.

परतीच्या गाडीत तिनं हे मुबारकला सांगितलं. फॅमिली बोले तो बीवी नहीं, बच्चेकच्चे सब, असं अगदी सोपं करून सांगितलं. मुबारक खिडकीतून बाहेर बघत म्हणाला की तिला मशीनमधलं काही कळत नाही, आणि शेठसमोर असलं काही बोलून त्याची किंमत घालवू नको. पण कुणाचं ना कुणाचं लेकरू त्या उंच गाडीत बसणार, आणि शेजारी बसणार त्याचा ढेरपोट्या बाप, हे तिला लख्ख दिसत होतं.

गाड्या आल्या, रूळ उभे राहिले. तातेरावांनी आपली सगळी अक्कल पणाला लावली. छोट्या गाडीला गुलाबी रंग दिला. बायका फिरताना गड्यांनी बघत उभं राहणं शोभत नाही म्हणून तिच्याभोवती हिरव्या कापडाचा पडदा ठोकला आणि वर पाटी लावली, 'फॅमिली'. विदूषकाची पट्टी त्यांना फार आवडली. ती त्यांनी नेऊन लावली कारंज्यापाशी, फोटो काढायला. मुबारकला मेकॅनिक नेमलं. अनवरीला उंच गाडीच्या फाटकावर चपलांपाशी उभं केलं.

उद्घाटनाला अख्खा तालुका लोटला. पाहुणे यायचे होते, म्हणून आधी सकाळी गुलाबी गाडी सुरू केली. परतूरकडचा एक साधासुधा माणूस आपल्या दोन बारक्या पोरींना घेऊन पडद्यापाशी आला, तर तिथल्या राखणदारानं त्याला अडवलं. "फॅमिली कुठंय?" राखणदारानं विचारलं. तो म्हणाला, फॅमिली घरी आहे, पोरी आणल्यात. मग जमणार नाही, फॅमिलीशिवाय आत सोडत नाही, असं त्याला सांगण्यात आलं. बिचारा पोरींचे हात धरून उंच गाडीला आधीच नंबर लावायला निघाला. अनवरीनं त्याला फाटकावरूनच परत पाठवलं, आणि असे अकरा बाप तिनं दुपारपर्यंत परत पाठवले. कुणी तिला शिव्या दिल्या, कुणी साहेबाला बोलाव म्हणाले. तिनं एकाचंही ऐकलं नाही. गुलाबी गाडीत मात्र पाच-सहा बायका लाजत बसून आल्या, आणि बाकीचे डबे मोकळेच फिरले.

मग पाहुणे आले. स्टेज, हार, भाषणं. बबलू नावाचा निवेदक माइकवर घसा फोडत होता. मुबारकला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ देण्यात आलं, जिल्ह्यातले एकमेव राइडतज्ज्ञ म्हणून. शाल अंगावरून घसरू नये म्हणून तो खांदे ताठ धरून चालत खाली आला. मोटारीच्या खोलीत जाईपर्यंत त्यानं ते खांदे सैल सोडले नाहीत. अनवरीला हसूही आलं आणि संतापही आला.

आणि मग बबलूनं जाहीर केलं की उंच गाडीचा पहिला फेरा स्वतः तातेराव घेणार, आपली लाडकी नात आकांक्षा हिच्यासोबत.

आकांक्षा पाच वर्षांची होती. झालरीचा फ्रॉक, केसांत गजरा, अंगावर मांस म्हणून नाही. तातेरावांनी तिला पुढच्या डब्यात बसवलं, स्वतः धापा टाकत शेजारी बसले आणि दांडी खाली ओढली. दांडी पोटावर टेकली आणि थांबली. पोरीच्या बाजूला ती तिच्या गुडघ्यांच्या कितीतरी वर, मोकळ्या हवेत राहिली. पोर टाळ्या पिटत होती.

फाटक लागल्याशिवाय गाडी सुटत नाही, यंत्राचीच तशी रचना होती. अनवरी जाऊन फाटकाच्या मधोमध उभी राहिली.

आधी तातेरावांना वाटलं की बाईला फाटक लावता येत नाही. मग त्यांना वाटलं की तिला फोटोत यायचं आहे. तिसऱ्यांदा हाक मारूनही ती हलेना तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. पाहुणे घड्याळ बघत होते. समोर शंभर मोबाइल वर झाले होते. "मुबारकभाई," तातेराव दात आवळून म्हणाले, "तुमच्या फॅमिलीला बाजूला घ्या."

"शेठ, फॅमिली मी न्हाई," अनवरी म्हणाली. "फॅमिली म्हंजे हे तुमच्याजवळ बसलेलं लेकरू. त्याच्यासाठी ती बारकी गाडी आणली तुम्ही, अन् तिला पडदा लावून ठेवला."

लोक हसले. कुणाला हसले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. मुबारक मोटारीच्या खोलीतून धावत आला. शाल अजून खांद्यावर, नारळ काखेत. त्यानं अनवरीचा दंड धरला आणि हळूच म्हणाला की इज्जतीचा सवाल आहे, हट. अनवरीनं त्याच्याकडं बघितलं. तीस वर्षं जिच्या खुणेवर यानं पाळणा सोडला, तिचाच दंड धरून हा तिला बाजूला करत होता, तेही दुसऱ्याच्या नातीला मरायला मोकळं करण्यासाठी. इतकी किळस तिला आजवर कुठल्या पिशवीवाल्याचीही आली नव्हती.

तिनं त्याच्या खांद्यावरची शाल ओढून काढली. काखेतला नारळ घेतला. शेजारच्या टेबलावर पाहुण्यांचे नारळ ठेवले होते, त्यातले चार उचलले. सगळे शालीत घालून घट्ट गाठ मारली आणि गाठोडं घेऊन डब्यापाशी गेली. एका हातानं तिनं आकांक्षाला काखेत उचलून घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या जागी गाठोडं ठेवलं.

"हे फिरवून आणा," ती म्हणाली. "हे बराबर परत आलं तर मी माझ्या हातानं लेकीला आणून बसवते."

तातेराव हसले. एवढ्या लोकांसमोर चिडण्यापेक्षा हसणं सोयीचं होतं. चला, नारळालाही फिरवून आणू, असं ते मोठ्यानं म्हणाले आणि पाहुण्यांकडं बघून त्यांनी हात हलवला. आकांक्षानं भोकाड पसरलं. तिची गाडी नारळाला दिली होती. अनवरीनं कुंपणाच्या आतली माणसं बाहेर काढली आणि फाटक लावलं. मुबारक खोलीत गेला आणि त्यानं बटण दाबलं.

गाडी कटकट करत वर चढली. वर पोचली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि खाली सुटली. त्या पहिल्याच उताराला शालीचं गाठोडं बाकावरून उठलं. घाईघाईत नाही, अगदी आरामात उठलं, आणि तातेरावांच्या कानाजवळून निघून गेलं. हवेत गाठ सुटली. शाल रुळाच्या खांबाला जाऊन अडकली आणि पाच नारळ एकामागून एक खाली सिमेंटवर येऊन फुटले. पाणी पार कुंपणापर्यंत उडालं.

बबलूला काही कळलं नव्हतं. नारळ फुटला, शुभ झालं, टाळ्या होऊ द्या, असं तो माइकवर ओरडला. आणि सांगायला लाज वाटते, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तालुक्यातल्या लोकांनी. पुढं उभ्या असलेल्या काही बायकांनी मात्र वाजवल्या नाहीत. त्यांनी आपापली लेकरं जवळ ओढून घेतली होती. नंदाबाई स्टेजवरून उतरून तशाच अनवाणी आल्या आणि नातीच्या पायाला हात लावून उभ्या राहिल्या. पोर रडायची थांबली होती. ती फुटलेल्या नारळांकडं बघत होती.

गाडी परत येऊन थांबली. दांडी वर झाली तरी तातेराव उठले नाहीत. शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी हात ठेवला होता. एवढं मोठं धूड, पण ओठ पांढरे पडले होते. मग त्यांनी मुबारककडं बघितलं.

"मुबारकभाई, आता कसं करायचं?"

मुबारक खोलीच्या दारात उभा होता. त्याचे खांदे आता पडले होते. त्यानं खांबाला लटकलेल्या शालीकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"मला नका विचारू शेठ," तो म्हणाला. "मी नुस्तं बटण दाबतो. तीस वर्षं हीच बघत आलीय. हिला विचारा."

तातेरावांनी मान वळवली. बाईमाणसाला, तेही चपला राखणाऱ्या बाईला, एवढ्या लोकांसमोर विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. ते पुटपुटले काहीतरी.

"ऐकू न्हाई आलं," अनवरी म्हणाली.

माइक जवळच होता. बबलूचं तोंड एकदाचं बंद झालं होतं. तातेराव खाकरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अनवरीभाभी, आता कसं करायचं?"

अनवरीनं आकांक्षाला नंदाबाईंच्या कडेवर दिलं आणि पदर सारखा केला.

"आधी तुम्ही उतरा," ती म्हणाली.